रस्ता सकाळी वरच्या पुऱ्याला

मोहदरा, चैत्र वद्य पंचमी

श्रीयुत प्रभाकरराव काकडे, व्याहीबुवा, मुक्काम सिंदी मेघे, यांस मोहदऱ्याच्या रूपराव झाड्याचा हात जोडून रामराम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. आपण तिकडे खुशाल असाल, असे धरून चालतो (न धरले तर पत्र पुढे सरकत नाही). विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? चिरंजीव सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला असताना आईच्या औषधपाण्याची काळजी आम्ही करावी असे नाही, तरी त्यांना सध्या पायी चालणे कितपत जमते, एवढे जरूर कळवावे. (सहज विचारले. पुढे विषय निघेलच.) आपले वडील तात्याजी यांस साष्टांग नमस्कार. ते साक्षगंधाला, सोयरीक पक्की करायला, आमच्या घरी आले, पण पाणी मात्र घरून आणलेल्या आपल्या लोट्यातूनच प्यायले, या त्यांच्या शिस्तीची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. तोही विषय पुढे निघेल.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा वर्ध्याच्या बाजारात आपल्या शेजाऱ्यांनी मला थांबवून विचारले, "काहो, तुमच्या गावात रस्त्याले नळाची तोटी बसवली म्हनते?" मी नाही म्हटले, पण ते हसत हसत गेले. म्हणजे गोष्ट सिंदी मेघेपर्यंत पोचली, आणि आपल्या कानावर पडल्याशिवाय राहिली नसेल. आमच्या सुमित्रेचे आणि आपल्या चिरंजीवांचे लग्न वैशाखात. ज्या गावात मुलाची वरात न्यायची त्या गावाचा रस्ता डोक्याने ठीक आहे की नाही, अशी शंका मुलाच्या बापाला येणे बरोबरच आहे. म्हणून झाले ते सर्व आपल्याला कळवतो. तोटी बसवलेली नाही. फाटक बसवले होते, तेही आता काढले.

आपण साक्षगंधाला आलात तेव्हा गाव पाहिलेच आहे. फाट्यावरून आत वळले की आधी खालचा पुरा लागतो, तिथे बौद्ध मंडळींची वस्ती आहे. त्यापुढे वरचा पुरा, तिथे आमची घरे, आणि त्याच्याही वर टेकडीवर पाण्याची टाकी. टाकी झाल्यापासून वरच्या पुऱ्यात नळ आहेत. खालच्या पुऱ्यात नाहीत, कारण तिकडे जायचे तर पाईप रस्ता ओलांडून न्यावा लागतो, आणि पाईप नळवाल्यांचा तर रस्ता रस्तेवाल्यांचा. रस्ता दोनदा खोदला. पहिल्यांदा पाईप पडायच्या आधीच एका पुढाऱ्याची मोटर येणार होती म्हणून "एकच दिवस" बुजवला. दुसऱ्यांदा आमच्या बबनरावांच्या पुतणीचे लग्न होते, तेव्हाही "एकच दिवस" म्हणूनच बुजवला. तो एक दिवस अजून संपलेला नाही. नळवाले म्हणत रस्तेवाल्यांनी बुजवला, रस्तेवाले म्हणत नळवाल्यांनी पाईप टाकला नाही, आणि खालच्या पुऱ्यातल्या बाया काही न म्हणता विहिरीवर जात राहिल्या.

मागच्या पावसाळ्यानंतर वरती कोणी नवे साहेब आले. त्यांनी दोन्हीकडची कागदे वाचली (वाचणारा साहेब आम्ही प्रथमच पाहिला) आणि हुकूम काढला की, मोहदरा पाणीपुरवठा मंडळाच्या हद्दीतले सार्वजनिक रस्ते यापुढे मंडळाच्याच अधिकारात राहतील. ज्याला खोदायचे त्याचाच रस्ता, म्हणजे भांडायला दुसरा माणूस उरणार नाही. हुकूम आला तेव्हा मंडळाचा अध्यक्ष मी होतो, अजूनही आहे. सभासद बबनराव, आणि खालच्या पुऱ्यातर्फे तानाबाई. तानाबाई मंडळात असून त्यांच्या घरी नळ नाही, हे साहेबांनी विचारले तेव्हा आम्ही सर्वांनी बबनरावांकडे पाहिले, आणि बबनराव पंख्याकडे पाहू लागले. (पंखा बंद होता.)

रस्ता ताब्यात घ्यायचा म्हणून आम्ही फाट्यावर दगडाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि प्रसाद खाऊन झाल्यावर एकमेकांकडे पाहू लागलो. कारण रस्त्याचे पुढे काय करतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक पाण्याचे. पाणी कमी आणि घरे जास्त, म्हणून त्याला बारी लावतात. एका पुऱ्याची बारी झाली की चावी बंद, दुसऱ्याची सुरू. आता आमचा रस्ताही कमीच आहे. दोन्ही बाजूंना काळी माती, आणि कापसाच्या दोन बैलबंड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावे लागते. मागे कोणी सरायचे, यावर हंगामात रोज डोकी फुटायची. मी सभेत म्हटले की, पाण्याला जे जमले ते रस्त्याला का जमू नये? टाळ्या पडल्या. (त्या मी अजून विसरलो नाही, म्हणून आपल्याला कळवतो.) ठराव झाला की सकाळी रस्ता वरच्या पुऱ्याला, संध्याकाळी खालच्या पुऱ्याला. खालच्या पुऱ्याजवळ कडुनिंबाखाली बांबूचे फाटक बसवले आणि ते चिंधूजींच्या हाती दिले.

चिंधूजी आमचे व्हॉलमन. टाकीची चावी त्यांच्याकडेच. राहतात खालच्या पुऱ्यात, म्हणजे रोज पहाटे वर येऊन आमचे नळ सोडतात आणि खाली जाऊन विहिरीचे पाणी पितात. माणूस इतका नेमाचा की, एकदा माझ्याच घरी सत्यनारायण असताना त्यांनी बारी संपली म्हणून पाणी तोडले होते. अशा माणसाच्या हाती फाटक दिले, यात मंडळाची चूक नाही. चूक ठरावात होती. पाणी एकदा गेले की परत येत नाही. माणूस संध्याकाळी परत येतो. एवढी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी वरचा पुरा झाडून बाहेर पडला. बंड्या, सायकली, दुधाचे कॅन, शाळेचे मास्तर, सगळे. मीही लग्नाच्या कपड्यांसाठी वर्ध्याला गेलो. दुपार कलल्यावर परत येतो तो काय, फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सारा वरचा पुरा बसलेला. बबनराव बंडीत आडवे, डोळ्यांवर दुपट्टा. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि अध्यक्षाच्या आवाजात म्हटले, "चिंधूजी, फाटक उघडा."

चिंधूजी उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तुमचाच ठराव हाये. आता खालच्या पुऱ्याची बारी सुरू हाये."

"अहो, मी घरी जाऊन राह्यलो!"

"सारेच घरी जाऊन राह्यले, साहेब. तुमाले सोडलं त मंग बबनरावले काऊन नाई सोडलं म्हनतीन."

बबनराव दुपट्ट्याखालून म्हणाले, "म्हनीनच." मी दोन गोष्टी करू शकत होतो. एक, माझाच ठराव मोडणे. दुसरी, पिशव्यांवर बसणे. मी बसलो. (पिशवीत विहीणबाईंचे लुगडे होते. ते घडी मोडल्यासारखे दिसले तर कारण हे आहे.) शेताच्या बांधावरून जाता आले असते, पण कापसाच्या पऱ्हाट्यांतून धोतर सावरत जाणारा अध्यक्ष कोणी पाहिला असता तर गावाने दहा वर्षे सांगितले असते. आणि या सगळ्या वेळात खालचा पुरा आपल्या बारीचा रस्ता वापरत होता, म्हणजे ज्यांना कुठेही जायचे नव्हते तीही माणसे उगीच फाट्यापर्यंत जाऊन येत होती. आल्यागेल्या प्रत्येकाने आम्हाला रामराम घातला नाहीतर जयभीम केला. त्यात थट्टा किती आणि अदब किती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

ऊन तापलेले होते. तहानेने माझी जीभ टाळूला लागली होती. तानाबाई घरातून पाण्याने भरलेला पितळी गुंड आणि पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पानी घ्या रूपरावभाऊ. कवाचे बसून राह्यले." मी पेला घेतला. बबनरावांनी दुपट्टा आणखी खाली ओढला. मी एक पेला प्यालो, मग दुसरा मागून घेतला. पाणी विहिरीचे, गार आणि थोडेसे मचूळ होते. या गावात माझा जन्म गेला, पण त्या विहिरीचे पाणी कसे लागते, हे मला त्या दिवशी कळले. तानाबाई म्हणाल्या, "मचूळ लागते नं? म्हनूनच त नळ मांगून राह्यलो." मी पेला तिसऱ्यांदा पुढे केला.

दिवस बुडायच्या सुमारास मंडळाचे सर्व सभासद फाटकाजवळच हजर आहेत, असे कोणाच्या तरी लक्षात आले. तिथेच सभा भरली आणि बारी रद्द झाली. तरी बोलण्यातली सवय जायला वेळ लागला. बायका सकाळी एकमेकींना "रस्ता आला का?" विचारत. एका घरी पाहुणे येणार होते, तर घरधनी माझ्याकडे जास्तीचा रस्ता मागायला आला. आपल्या शेजाऱ्यांनी ऐकले ते यातलेच असणार.

आता महत्त्वाचे. त्याच सभेत, त्याच कडुनिंबाखाली, मी उभा राहून सांगितले की आता रस्ता आपला, पाईप आपला. आता तिसऱ्यांदा खोदू, आणि खालच्या पुऱ्याच्या नळातून पाणी पडेपर्यंत त्या खंदकात मातीचे एक ढेकूळ पडणार नाही. हा माझा शब्द. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. टाळ्या पडल्या असत्या तर बरे झाले असते, शब्द एवढा जड झाला नसता.

फाल्गुनात खंदक खोदला. खाली खडक लागला, सुरुंग लावावा लागला, त्यामुळे तो आडवा-उभा चांगलाच रुंद झाला. दोन्ही पुऱ्यांच्या मधोमध, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पाईप आले. पाईपांना जोडणारे सांधे आले नाहीत. ते पुढच्या महिन्यात येतील, असे वरून कळवले आहे. पुढचा महिना वैशाख, आणि आपल्याकडून लग्नाची तिथी आली तीही वैशाखाच्या पहिल्या आठवड्यातली.

तिथी कळली तेव्हापासून आमच्या घरात एकच बोलणे आहे. मंडळी (म्हणजे मनकर्णाबाई, मंडळ नव्हे) म्हणते, "अध्यक्ष तुमीच, रस्ता तुमचाच. एक दिवस बुजवा, दुसऱ्या दिवशी खोदा. पोरीचं लगन का रोज रोज होते? वरात खंदकापाशी अडली त आपलं हसू सिंदीपर्यंत जाईन." बबनरावही येऊन सांगून गेले की माझ्या पुतणीच्या वेळी बुजवला तसा तुझ्या लेकीच्या वेळी बुजव, त्यात लाजायचे काय. खरे सांगतो, व्याहीबुवा, मीही डगमगलो. मुलीच्या बापाला व्याह्यांपुढे मान खाली घालायची पाळी येऊ नये, यासाठी माणूस खंदक काय, विहीरही बुजवील. मी फावडी काढायला सांगितली. मग वाटले, तानाबाईंना आपणच सांगितलेले बरे, म्हणून खाली गेलो.

मी म्हटले, "तानाबाई, एकच दिवस." त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "एक दिवस आमी दोनदा पाह्यला, भाऊ. तिसऱ्यांदा कायले पाहू?" ज्वारी पाखडून झाल्यावर त्यांनी सूप ठेवले. म्हणाल्या, "लेक तुमची, तशी आमची. वरात आमच्या समाजमंदिरात उतरवा. सावली हाये, फरशी हाये, मोटर दाराशी लागते. पोरं खंदकावर सागाच्या फळ्या टाकतीन. पाहुन्याइले हाताले धरून पलीकडं पोचवून देऊ."

मी घरी आलो आणि फावडी परत ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून मनकर्णाबाई माझ्याशी लग्नाच्या याद्यांपुरतेच बोलते. पण मला झोप बरी लागते.

तर रस्त्याची हकीकत अशी आहे. बाकी तयारी यथास्थित चालू आहे. मांडवाचे डेरे सांगून झाले, वाजंत्री सांगितली, आंब्याचा रस भरपूर होईल. सर्व मंडळींसह, लहानमोठ्यांसह अगत्याने येण्याचे करावे, आमच्या गरिबाचा मांडव आपल्या पायांनीच शोभेल. विहीणबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
रूपराव झाडे
अध्यक्ष, पाणीपुरवठा मंडळ (आणि रस्ते)

ता. क. विहीणबाईंच्या गुडघ्यांचे विचारले ते यासाठी की, मोटर खंदकाच्या अलीकडेच थांबेल. फळ्यांवरून माणूस सहज जातो. मी स्वतः गव्हाचे पोते पाठीवर घेऊन जाऊन पाहिले. विहीणबाईंसाठी खुर्ची ठेवू, चौघे जण अलगद उचलतील. घोडा मात्र फळ्यांवर जात नाही. त्यालाही नेऊन पाहिले, तो अध्यक्षाचे ऐकत नाही. म्हणून नवरदेवाने मांडवापर्यंत पायी यावे, अशी विनंती आहे. सुमित्रा रोज शाळेपर्यंत पायीच जात होती.

ता. क. दुसरा. जानोसा, म्हणजे वरातीची उतरायची जागा, समाजमंदिरात म्हटला, त्यात एक गोष्ट लिहायची राहिली. मंडळीने तानाबाईंना निरोप पाठवला की जागा तुमची घेतो, पाहुण्यांच्या पिण्याचे पाणी मात्र वरून आमच्या नळाचे भरून पाठवतो, आमच्याच माणसांच्या हातून. त्यावर तानाबाई स्वतः वर आल्या आणि ओट्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "सावली आमची घेसान अन् पानी वरून आनसान? मंग वरात उन्हातच बसवा." आणि गेल्या. मला त्यांचे म्हणणे बरोबर वाटते. म्हणून उतरल्याबरोबर पाणी खालच्या पुऱ्याच्या विहिरीचे आणि त्यांच्याच हातचे मिळेल. मी प्यालो आहे, थोडे मचूळ आहे, दुसरा काही दोष नाही. तात्याजींना हे आपण कसे सांगाल, की सांगणारच नाही, हे मला इथून कळत नाही. हे सगळे पत्र खरे तर एवढ्यासाठीच लिहिले.

ता. क. तिसरा. पत्र सुमित्रेने वाचले. ती म्हणते, "बाबा, तुमी लांबन लावली. सरळ लिहा का ज्याले थे पानी चालत नाई, त्यानं खंदक वलांडू नये. नवरदेव असला तरी." मी तिला सांगितले की मुलीकडच्यांनी व्याह्यांना असे लिहायचे नसते. म्हणून मी ते लिहीत नाही.

ता. क. चौथा. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र चिंधूजींच्या हाती पाठवतो आहे. ते उन्हातून सायकलवर येतील आणि उत्तरासाठी दाराशी थांबतील, आत या म्हटल्याशिवाय यायचे नाहीत. आपल्याला उत्तर लिहिण्यास सवड झाली नाही तरी हरकत नाही. त्यांना पाणी विचारावे. ते कुठे बसून आणि कोणत्या लोट्यातून प्यायले, तेवढे त्यांनी परत येऊन सांगितले की मला उत्तर मिळेल.